काल तिन्ही उमेदवारांना एकाच मंचावर ऐकलं. दवाखान्याच्या बाबतीत तुम्हाला कोण पटलं असतं?

मांजराकाठ (मंगळवार, रात्री १०.४०)

राम राम मंडळी. आमच्या जिल्हा परिषद गटाचे तिन्ही उमेदवार काल तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात एकाच मंचावर आले. वाचनालयाच्या पोरांनी हे जमवून आणलं, त्यांचं आधी कौतुक. अडीच तास चाललं. रस्ता झाला, पाणी झालं, सोयाबीनचा भाव झाला. पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो दवाखान्यावर, आणि तेच डोक्यातून जाईना म्हणून हा धागा.

नावं कोणाचीच लिहीत नाही. पहिले म्हणाले, घरटी पाच लाखाचं कार्ड देतो, मग सोलापूर-पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात फुकट उपचार. टाळ्या. दुसऱ्या ताई मागं सरपंच होत्या. त्या म्हणाल्या, गटाला स्वतःची अँब्युलन्स, चोवीस तास. त्यालाही टाळ्या. तिसरा तिशीतला पोरगा. तो म्हणाला, आरोग्य केंद्रातल्या रिकाम्या जागा भरायला लावतो. त्याला टाळ्या कमीच पडल्या.

मग प्रश्न घेतले. मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली. माईक द्यायला गेले तर हातानंच नको म्हणाली. "रातच्याला दवाखान्याचं दार उघडं ऱ्हाईल का, तेवढं सांगा. माझी सून फाटकापाशी बाळंत झाली." सगळं मंगल कार्यालय गप्प. तिघं एकमेकांकडं बघायले. तेवढ्यात सूत्रसंचालकानं वेळ संपली म्हणून आभार मानून टाकले.

मला तर त्या म्हातारीचाच प्रश्न खरा वाटला. तुमचं काय म्हणणं?

बार्शीरोड

कार्डाला नावं ठेवू नका, एवढंच सांगतो. दोन वर्षांमागं वडिलांच्या छातीत दुखायलं. लातूरला नेलं, तपासणीत दोन ठिकाणी ब्लॉक निघाले. योजनेत बसलं, स्टेंट टाकला, चौथ्या दिवशी घरी. औषधाचे सोडले तर खिशातून पैसा गेला नाही. ती योजना नसती तर नदीकाठचं दीड एकर गेलं असतं आणि ते परत कधीच आलं नसतं. ज्याच्या घरी ही वेळ येऊन गेली त्याला कार्ड काय असतं ते विचारा.

सिस्टर_२२वर्षं

बार्शीरोड दादा, तुमच्या वडिलांचं बरं झालं, आनंद आहे. पण ते कार्ड जिल्हा परिषदेचा सदस्य देत नसतो. महात्मा फुले जन आरोग्य योजना राज्याची. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावानं सुरू झाली, २०१७ ला नाव बदललं. आधी दीड लाखाची मर्यादा होती. आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या पांढऱ्या रेशनकार्डाच्या शेतकऱ्यांना तेव्हाही ती लागू होती, कारण आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत आपण होतो. २०२३ ला निर्णय झाला आणि आता रेशनकार्ड कोणत्याही रंगाचं असो, पाच लाखापर्यंत उपचार आहेत. म्हणजे पहिल्या उमेदवारांनी जे देतो म्हणून सांगितलं ते लोकांना आधीच मिळालेलं आहे.

आता जिल्हा परिषदेच्या हातात काय आहे ते बघा. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र, हे दोन. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, सिव्हिल म्हणजे जिल्हा रुग्णालय, हे राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडं. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, नांदेडचं विष्णुपुरी ही मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडं. तीन मालक आहेत. म्हणून जिल्हा परिषदेच्या उमेदवाराला स्टेंटचं विचारू नका, आरोग्य केंद्राचं विचारा. तिथं तो खरंच काही करू शकतो.

तेरणेचा_शेतकरी

सिस्टर, हे कोणीच इतकं सरळ सांगितलं नव्हतं. मला वाटायचं सिव्हिल पण झेडपीचंच.

हदगावची_वहिनी

तीन मालक म्हणालात आणि काळजात चर्र झालं. २०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडला २४ तासांत २४ माणसं गेली, त्यात १२ नवजात बाळं होती. औषध नव्हतं, माणूस नव्हतं, बाहेरून आलेले पेशंट शेवटच्या घटकेचे होते, असं ज्यानं त्यानं आपापलं सांगितलं. एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावला, ते टीव्हीवर चार दिवस चाललं. बाळांच्या आया मागं राहिल्या.

पण मला विचारायचंय ते हे, की ती बाळं विष्णुपुरीपर्यंत आलीच कशाला? आमच्या हदगाव, किनवट, माहूरकडून नांदेड किती लांब आहे बघा. खालच्या दवाखान्यात सोय नाही म्हणून वर पाठवतात, वर गर्दी मावत नाही. खालचं दार बंद असलं की वरच्या दारात चेंगराचेंगरी होणारच.

पुण्यात_लातूरकर

वहिनींशी पूर्ण सहमत, त्याला आकड्यांची जोड देतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटलं होतं की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर न्यायचा. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत तो १.८४ टक्के दिसतो, आणि तेही कोविडचं वर्ष. एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के हिस्सा लोकांच्या खिशातून गेला. २०१३-१४ ला तो ६४ च्या वर होता, म्हणजे कमी झालाय हे मान्य.

पण आपली ही योजना भरती झालेल्या पेशंटसाठी आहे. बीपीची, शुगरची रोजची गोळी, ओपीडीची तपासणी, खोकल्याचं औषध यात बसत नाही. आणि शेतकऱ्याच्या घरातला पैसा असाच महिन्याला थोडा थोडा जातो. राजस्थाननं २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत औषधं मोफत केली. तमिळनाडूनं तर १९९४ लाच औषधखरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं. मत मागायला येणाऱ्यांनी जरा तिकडं बघावं.

गंगाखेडचा_बाळू

पुणेकर भाऊ, राजस्थान कशाला, आमच्या गावचं बघा ना. आजीला बीपीची गोळी उपकेंद्रात महिन्याची एकदम मिळायलीय. तिथल्या मॅडम चांगल्या आहेत. आजी त्यांच्यासाठी दर खेपेला भुईमुगाच्या शेंगा घेऊन जाते आणि त्या नको नको म्हणत घेतात.

बार्शीरोड

बाळू, बरोबर! जिथं माणूस चांगला तिथं सगळं चांगलं.

सिस्टर_२२वर्षं

आजीला नमस्कार सांगा. पण दादा, माणूस चांगला असून भागत नाही, तो असावा लागतो. ३० हजार लोकवस्तीला एक प्राथमिक केंद्र, ५ हजारांना एक उपकेंद्र, हा सपाटीचा निकष. लोकसंख्या कुठल्या कुठं गेली, केंद्रं तेवढीच राहिली.

पाटोद्याची_लेक

मी जरा वेगळं बोलणार आहे. मोठं आहे, वाचा.

आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या पिशव्या काढल्या गेल्या हे २०१९ ला सगळ्या देशाला कळलं. सरकारी समितीनं बीड जिल्ह्यात ८२,३०९ बायांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यातली एक माझी मावशी. अठ्ठावीस वर्षांची होती. अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोटात दुखायचं. खाजगीत दाखवलं. "पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल," असं सांगितलं. मुकादमाकडून उचल घेतली आणि ऑपरेशन केलं. ते पैसे फेडायला पुढचे दोन हंगाम मौसा आणि ती कोयता घेऊन कर्नाटकात. टाचा दुखतात, हाडं दुखतात, रात्री अंगाची आग होते. आता ती छत्तिशीची आहे आणि साठीची दिसते.

मावशीला पिशवी काढायची गरज होती का, हे तिला कोण सांगणार होतं? गावाजवळच्या केंद्रात एक बाई डॉक्टर बसत असती, तिनं तपासून आठ दिवसांच्या गोळ्या दिल्या असत्या, तर हे झालं नसतं. म्हणून मला नुसत्या कार्डाची भीती वाटते. ऑपरेशनला पैसे मिळतात आणि न करण्याला कोणी पैसे देत नाही. नंतर बीडमध्ये पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायचा नियम आला, ते चांगलं झालं. पण मावशीला त्याचा काय उपयोग.

हदगावची_वहिनी

ताई, मावशीला माझा नमस्कार. हे लिहायला धीर लागतो.

डॉक्टर_तालुक्याचा

मी खाजगीत प्रॅक्टिस करतो. ताईंचं दुःख खरं आहे आणि ज्यांनी तसं केलं त्यांची बाजू मी घेणार नाही. पण सगळे तसे नाहीत हेही लिहून ठेवतो. रात्री दोनला दार वाजलं की आम्हीच उठतो.

योजनेत माझा दवाखाना नाही. ठरवून दिलेल्या दरात काही ऑपरेशनांचा खर्च निघत नाही आणि बिलं उशिरा सुटतात. मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्याला ते पेलतं, वीस खाटांच्या माणसाला नाही. परिणाम असा की कार्ड चालतं ते जिल्ह्याच्या गावात, आणि पेशंट असतो आमच्या तालुक्यात.

दुसरं, आरोग्य केंद्रातला डॉक्टर मुक्कामी राहत नाही म्हणून त्याला शिव्या देतात. मी बॉण्डचं, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष तसल्याच केंद्रात काढलंय. क्वार्टरचं छत गळायचं, पाणी टँकरचं, स्वयंपाकघरात एकदा विंचू निघाला. बायको तान्ह्या बाळाला घेऊन तिथं कशी राहील? जिल्हा परिषदेनं ते छत दुरुस्त केलं असतं तर मी तिथं आणखी राहिलो असतो. क्वार्टर ही झेडपीचीच जबाबदारी आहे. उमेदवाराला हे विचारा.

मांजराकाठ

डॉक्टर साहेब, हे आम्हाला कधी दिसलंच नाही. मनापासून आभार.

अनुशेष_कधी_भरणार

मूळ मुद्दा कोणी घेईना. मराठवाड्याच्या वाट्याला कायम उरलंसुरलं येतं. १९८४ ला दांडेकर समितीनं अनुशेष, म्हणजे विकासात राहून गेलेली तूट, मोजला. १९९४ ला वैधानिक विकास मंडळ मिळालं. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, आणि पैशाचं समान वाटप व्हावं म्हणून भांडायचं हत्यारच हातातून गेलं. अंबाजोगाईचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सत्तरच्या दशकात झालं, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण धाराशिवला कॉलेज यायला २०२२ उजाडलं, परभणीला २०२३, जालना आणि हिंगोलीला २०२४. हा काय वेग आहे?

तेरणेचा_शेतकरी

अनुशेषभाऊ, कॉलेज आलं त्याचा आनंद आम्हाला पण आहे. पण आमच्या धाराशिवची माणसं अजून सोलापूरलाच पळायलीत. कॉलेज मोठं व्हायला वेळ लागणार. तोवर साप चावलेल्या माणसानं काय करायचं? गेल्या पावसाळ्यात माझ्या सालगड्याला कडब्याच्या गंजीखाली घोणस चावली. मोटारसायकलवर मधे बसवून केंद्रात नेलं. सिस्टरनं लस काढली. दहा बाटल्या लागतात म्हणाल्या, कपाटात चार होत्या. तेवढ्या लावल्या आणि पुढं पाठवलं. माणूस वाचला, पण पाय अजून बरोबर नाही. त्या सहा बाटल्यांचा हिशोब कोण देणार? तिन्ही उमेदवारांत कोणी हे बोललं का?

मांजराकाठ

नाही. कोणीच नाही.

खरं_बोलतो

एवढं लिहून काय उपयोग? मतं शेवटी जातीवर आणि पाव्हण्यारावळ्यावर पडणार. २०१७ ला पण तेच झालं.

पाटोद्याची_लेक

पडत असतील. पण २०१७ चे सदस्य मार्च २०२२ ला गेले आणि त्यानंतर प्रशासक. विचारायला जिल्हा परिषदेत आपलं माणूसच नव्हतं. आता कुठं कोणीतरी दारात यायलंय, तर विचारायचं नाही का? माझ्या जातीचा आला तरी मी त्याला मावशीचंच विचारणार.

आशा_आमच्या_गावची

मी आशा आहे. बारा वर्षं झाली. मोबाईलवर लिहायलेय, चुका समजून घ्या.

अँब्युलन्सबद्दल. १०८ आहे, १०२ आहे. बाळंतिणीला आणायला, पुढं न्यायला आणि घरी सोडायला गाडी फुकट, हे २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे. साध्या बाळंतपणाला तीन दिवस जेवण, सिझरला सात दिवस. लोकांना माहीत नाही म्हणून जीप भाड्यानं करतात. तर ताईंनी नवी गाडी आणण्यापेक्षा आहे त्या गाडीला डिझेल आणि रात्रीचा ड्रायव्हर आहे का ते बघावं. गाडी उभी असते, ड्रायव्हर एकच असतो, तो दिवसभर चालवून रात्री घरी जातो. त्याची चूक नाही.

आणि त्या आजीचं. मी पण एकदा बाईला घेऊन रात्री अडीचला फाटकाबाहेर उभी होते. आत सिस्टर होत्या. दिवा दिसायला होता. आम्ही ओरडत होतो, त्यांना ऐकू जाईना. फाटकाला आतून कुलूप. बाई कळा देत खाली बसली. मी माझी ओढणी अंथरली. देवाच्या दयेनं तेवढ्यात सिस्टर बाहेर आल्या आणि आत घेतलं. पोरगी झाली. आता बालवाडीत जाते, मला बघितलं की पळत येते.

पुण्यात_लातूरकर

आतून कुलूप? सिस्टर आत असताना कुलूप का?

सिस्टर_२२वर्षं

मी सांगते. कारण रात्री ती एकटी असते. बऱ्याच केंद्रांत रात्रीचा शिपाई नाही, पहारेकरी नाही. दारू पिऊन लोक येतात, इंजेक्शन द्या म्हणतात, नाही म्हणलं की खिडकीवर दगड. माझ्यावर ही वेळ दोनदा आलीय. मी पण कुलूप लावायची. लावून आत बसायची आणि सगळा जीव फाटकाकडं असायचा, कोणी अडलेली बाई तर आली नसेल ना. प्रसूतिकक्षात एक बाळंतपण चालू असलं की बाहेरचं काहीच ऐकू येत नाही. त्या आजीच्या सुनेला आत घ्यायला उशीर झाला त्यात आमच्यातल्याच कोणीतरीचं कुलूप होतं, हे वाचून मला रात्रभर झोप लागायची नाही.

मांजराकाठ (गुरुवार, रात्री ११.५५)

मंडळी, आत्ताच घरी आलो. सिस्टरचं वाचून राहवलं नाही. वाचनालयाची दोन पोरं घेऊन साडेदहाला आमच्या केंद्रावर गेलो.

पुढच्या फाटकाला कुलूप. व्हरांड्यात दिवा. हाका मारल्या, काही नाही. मग मागं क्वार्टरच्या बाजूला गेलो, तिथं बाभळीच्या काट्यातून एक पायवाट आणि छोटं दार. तिथून आत गेलो. सिस्टर जाग्या होत्या. आम्हाला बघून आधी घाबरल्या, मग आशाताईंची ओळख सांगितल्यावर बोलल्या. वॉर्डात दोन बाया होत्या, एक आठ वाजता बाळंत झालेली. वॉर्ड स्वच्छ होता, बाळाला गुंडाळून ठेवलेलं. डॉक्टर नऊपर्यंत होते म्हणे. सर्पदंशाच्या लसीचं विचारलं तर फ्रिज उघडून दाखवला, चौदा बाटल्या होत्या. म्हणजे दवाखाना चालू आहे. माणूसही आहे. फक्त फाटक ते प्रसूतिकक्ष एवढं अंतर आहे आणि मधे कोणी नाही.

आज सकाळी तिन्ही उमेदवारांना फोन लावले. पहिल्यांचा पुतण्या बोलला, साहेब प्रचारात आहेत म्हणाला. तिसऱ्या पोरानं सांगितलं की रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून पहारेकऱ्याचं बघता येईल, माहिती काढून संध्याकाळी कळवतो. त्यानं सातला खरंच फोन केला. दुसऱ्या ताई दुपारी स्वतः फाटकापाशी येऊन गेल्या असं आता सिस्टरनीच सांगितलं. कुलूप हातात धरून बघितलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत म्हणे.

माझं मत अजून ठरलं नाही. पण पाच लाखाच्या कार्डावर मी देणार नाही, एवढं ठरलं.

बार्शीरोड

मी कार्डाच्या बाजूनं बोललो होतो, अजूनही आहे. पण दादा, पहारेकरी मिळेपर्यंत फाटकाला घंटी तरी बसवता येईल ना? माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वायर आणि घंटी माझ्याकडून. रविवारी माणूस घेऊन येतो, परवानगी तेवढी डॉक्टरांची काढून ठेवा.

आशा_आमच्या_गावची

दादा, बटण खाली लावा. कळा देणारी बाई उभी राहू शकत नाही.

सिस्टर_२२वर्षं

आणि घंटी व्हरांड्यात नको, आत प्रसूतिकक्षाच्या भिंतीवर पाहिजे. तिथपर्यंत वायर ओढा. लाईट गेली तरी वाजेल अशी, सेलवरची असली तर फार बरं.

बार्शीरोड

सेलवरची आणतो. अंतर किती आहे फाटकापासून?

मांजराकाठ

सकाळी पावलांनी मोजून कळवतो.